वस्तऱ्याची खाच

फार पूर्वी सखोबा न्हाव्याच्या धोकटीत एक वस्तरा आणि धार लावायचे दोन दगड, एक खरखरीत नि एक गुळगुळीत, राहत. एकदा वस्तऱ्याच्या धारेला बारीकशी खाच पडली.

"खरखरीत दगड मला सोलून काढतो. मला गुळगुळीतच हवा," वस्तरा म्हणाला. त्यावर घासून तो चकचकीत झाला. पण सखोबाने मनगटावर फिरवून पाहिला, तर रक्त आलं.

"उद्या शेवंताच्या तान्हुल्याचं जावळ! तुला कसा नेऊ?" सखोबा खिन्न झाला.

गुळगुळीत दगड म्हणाला, "बाबा रे, खाच त्या खरखरीत दगडावरच निघेल. मग माझ्याकडे ये."

वस्तरा खरखरीत दगडापुढे गेला.

"दुखेल हं," खरखरीत दगड म्हणाला.

"दुखू दे."

दुसऱ्या दिवशी जावळ उतरेपर्यंत बाळ मामाच्या मांडीवर झोपूनही गेलं.