फणसाचा खांब

“नाना, तुमची नवी सून मुकी आहे का हो?”

नानांच्या हाताखाली सुतारकाम शिकणाऱ्या दामूने हळूच विचारलं. पण रिकाम्या सभामंडपात हळू बोललेलंच लांबवर ऐकू जातं. पूजा आटोपून गाभाऱ्यातून निघालेली कुमुद उंबऱ्याशीच थबकली. हातातल्या तांब्यात थोडं पाणी उरलं होतं.

लग्नाला सव्वा महिना झाला होता. लोकांनी मुकं समजलं की बरीच सोय होते, हे एव्हाना तिच्या ध्यानात आलं होतं.

तिचे सासरे, नाना मेस्त्री, मंडपातल्या फणसाच्या खांबाचा कुजलेला पायथा बघत होते. त्यांनी फडक्यातून लाकूड तासायची जुनी पटाशी काढली. त्यांच्या गुरूंनी दिलेली. दामू सात वर्षं त्या पटाशीकडे डोळे लावून होता.

“या खांबाला कुणी खाल्लं ते सांग. पटाशी तुझी.”

“हात्तिच्या!” दामू शहरात सहा महिने शिकून आला होता. त्याने खांबाच्या पायथ्याशी नख लावलं. खोबऱ्याच्या वडीसारखा तुकडा सुटून आला. “तपकिरी बुरशी. लाकडाच्या अशा वड्या पाडते. पांढरी असती तर धागे धागे सुटले असते. तिसरी एक असते, ती वरूनच मऊ करत जाते.”

“उपाय?”

“कापायचा. नवा घालायचा.”

“बारा वर्षांपूर्वी मीच घातला होता नवा.”

दामूने हातातला तुकडा चुरडला.

“बुरशीला जगायला काय लागतं?”

“ओल. ओलीशिवाय एकही जात जगत नाही, नाना.”

“कुठून आली?”

“पावसातून.”

नानांनी वर पाहिलं. कौलं धड होती. वाशांवर एक डाग नव्हता.

“मग... जमिनीतून.”

नानांनी शेजारच्या खांबावर टिचकी मारली. तोही त्याच जमिनीत उभा, पण खणखणीत वाजला.

दामूचा हात पटाशीसाठी पुढे आलेला, तसाच राहिला. नानांनी ती पुन्हा फडक्यात गुंडाळली.

कुमुद पुढे आली. खांबापाशी रोजच्यासारखी वाकली, आणि न ओतताच तांब्या खाली ठेवला.

“रोज मीच इथे पाणी घालते. आधी सासूबाई घालायच्या. देवाचं उरलेलं घरी न्यायचं नाही म्हणून.”

नाना तांब्याकडे बघत राहिले. बारा वर्षं रोज सकाळी तो त्यांच्यासमोरूनच जात होता.

“अहो वहिनी,” दामू उसळला, “मग इतका वेळ तोंड शिवून का उभ्या होतात?”

“मला कुठे विचारलंत? तुम्ही खांबाला विचारत होतात, भावजी.”