पुसलेली वेलांटी

एका राज्यात, जिथे डोंगर आभाळाला टेकलेले होते आणि कुणी कुणाला मोठ्याने हाक मारत नसे, राजमाता आपल्या लेकीला म्हणाली, "सून मुकी मिळाली हे आपलं पूर्वपुण्य. बारशाला आपण म्हणू ते नाव. ती काही नको म्हणायची नाही. आणि पोराला एकदा आपलं नाव लागलं, की आईकडचं काही त्याच्या कानात राहायचं नाही."

हे बोलणं नव्या राणीसाठी नव्हतं. पण नवी राणी मुदपाकखान्याच्या दाराआड बाळंतशोपा चावत उभी होती, आणि मुक्या माणसाचे कान चांगले असतात हे राजमातेच्या ध्यानात आलं नव्हतं. राणीने तोंडातल्या शोपा नीट चावून संपवल्या आणि आल्या पावली परत गेली.

ती मुकी नव्हती. दर्याकाठच्या राजाची लेक ती. तिकडे माणसं लाटेच्या वरून बोलतात. इकडे सगळे भिंत झोपली असावी तसे बोलत. आपला आवाज या घरात मावायचा नाही, असं तिला पहिल्याच दिवशी वाटलं. म्हणून तिने तो माहेरच्या लुगड्यासारखा घडी घालून ठेवून दिला होता.

डोंगरातले लोक हळू बोलत त्याला कारण होतं. फार मागे त्या राज्यात एक तापट राजा होऊन गेला. एकदा शिकारीत बाण चुकला म्हणून तो समोरच्या कड्याकडे बघून ओरडला, "मूर्खा." कड्याने तेच उत्तर दिलं. राजाला असं प्रत्युत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. त्याने मांत्रिकाला बोलावून पडसाद पकडायला लावला आणि सोन्याच्या हंड्यात कोंडून गुहेत ठेवला. कोंडलेला पडसाद भुकेला झाला. तेव्हापासून त्या राज्यात काना, वेलांटी किंवा उकारावर संपणारं, म्हणजे तोंड उघडं राहिलेलं नाव कुणी मोठ्याने घेतलं, की हंडा ते गिळून टाकी. मग ते नाव सख्ख्या आईलाही आठवत नसे.

म्हणून डोंगरात नावं आखूड आणि गच्च मिटलेली असत. राजाचं नाव अचल. त्याच्या बहिणीचं मालन. राजमातेचं नाव रेव. हे नाव ऐकलं की पायाला खडे टोचल्यासारखं वाटे, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. नावं घेण्यापेक्षा लोक टाळीच वाजवत. गुराख्याला एक टाळी, भावाला दोन. नव्या राणीसाठी चुटकी.

लग्नात राजाने ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने तिचं नाव लिहिलं होतं: केतकी. अक्षर सुरेख होतं. मग राजमाता पुढे झाली आणि तिने बोटाने शेवटची वेलांटी पुसली. उरलं केतक. "आता बरं मिटलं," ती म्हणाली. पुसल्या वेलांटीचे तांदूळ रीतीप्रमाणे चांदीच्या वाटीत भरून गुहेत टाकायला गेले. राजा अचल काही बोलला नाही. तो भला होता, पण नावाप्रमाणे होता.

तेव्हापासून तिला कुणी हाक मारली नव्हती. कधी कधी ती खिडकीत बसे. खाली दूरवर नदी दिसे, आणि नदी जिथे धुक्यात शिरे त्याच्या पलीकडे दर्या होता. लहानपणी बाबा होडीतून हाक मारत, "केतकीऽऽ," आणि ती पुळणीवरून धावत जाई. ती शेवटची ई धुक्यातून दोरीसारखी येई, धरून ओढावी अशी. इथे दोरी कापलेली होती.

मग मुलगा झाला, आणि खरं भांडण सुरू झालं.

बारसं तीनदा ठरलं, तीनदा मोडलं. पहिल्या खेपेला डोंगराने नाव काढलं, खडक. दर्याकाठचा राजा नातवासाठी प्रवाळाचा खुळखुळा घेऊन आला होता. तो म्हणाला, "विहीणबाई, खडकावर आमच्या होड्या फुटतात. आणि या नावात श्वास ठेवायला जागा कुठे आहे? आमच्याकडे ज्याला होडीतून हाक मारता येत नाही, त्याला दर्या आपला मानत नाही. माणसाला घेऊन जाते ती नाव, आणि त्याला परत आणतं तेही नावच."

दुसऱ्या खेपेला त्याने नाव सुचवलं, दर्या.

"दऱ्या?" राजमाता म्हणाली. "आमच्याकडे दऱ्यांत मेलेली गुरं टाकतात."

तिसऱ्या खेपेला दरबारी ज्योतिष्याने तोड काढली: खडकदर्या. ते ऐकून पाळण्यात बाळ शिंकलं, आणि दोन्ही घरांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आता चौथं बारसं परवावर आलं होतं. नाव खडकच ठरलं होतं. व्याह्यांना आमंत्रण नव्हतं. राणीला कळून चुकलं, की हे नाव लागलं की बाबांची होडी नदीच्या तोंडावरून परत फिरेल आणि पुन्हा यायची नाही. मुलगा खिडकीत बसेल, धुकं बघेल, आणि आपण कशाची वाट बघतो आहोत हेही त्याला कळायचं नाही.

मुदपाकखान्यातलं ते बोलणं ऐकलं त्याच दुपारी राजवाडा वामकुक्षीत होता. आडाच्या काठावर निळ्या छातीचा एक पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राणीसाहेब, मी खंड. पूर्वी खंड्या होतो. नदीवरून वर आलो, इथल्यांनी रीतीप्रमाणे नाव मिटवलं, आणि शेपूट गेली. पिसांची नव्हे, नावाची."

"माझीही," राणी म्हणाली. पक्षी बोलतो याचं तिला नवल वाटलं नाही. कुणीतरी आपल्याशी बोलतंय याचं वाटलं.

"गुहेची वाट मला ठाऊक आहे. पण मांत्रिक अजून दारात बसलेला असतो. तो तीन गोष्टी मागतो."

"मागू दे. या घरात आल्यापासून सगळे मागतातच."

तिने बाळाला पदराच्या झोळीत बांधलं, कनवटीला माहेरची एक वस्तू होती ती चाचपून पाहिली, आणि पक्ष्याच्या मागे निघाली. वाट करवंदीच्या जाळ्यांतून होती. पक्षी पुढे, राणी मागे. बाळ खांद्यावर लाळ गाळत, दोघांच्या मध्ये.

गुहेच्या तोंडाशी मांत्रिक बसला होता. इतका म्हातारा, की त्याच्या दाढीत चिमण्यांनी घरटं केलं होतं आणि त्याने ते मोडलं नव्हतं. त्याच्या मागे सोन्याचा हंडा भुकेने घुमत होता. हंड्याभोवती पुसलेल्या वेलांट्यांचा, मोडलेल्या कान्यांचा, उकारांचा ढीग होता, नथींच्या आणि बुगड्यांच्या ढिगासारखा चमकणारा. या राज्यात सून म्हणून आलेल्या किती बायका असतील, याचा राणीला तिथे अंदाज आला.

"कोण?" मांत्रिकाने विचारलं.

"निम्मी केतकी."

"तीन गोष्टी दे, नाहीतर परत जा. पहिली. न बोललेला शब्द दे."

राणीजवळ त्यांचा साठाच होता. तिने त्यातला सर्वांत ताजा काढला, मुदपाकखान्याच्या दाराआड शोपांबरोबर गिळलेला, आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मांत्रिकाने तो हातावर तोलून पाहिला. "जड आहे," तो म्हणाला, आणि बाजूला ठेवला.

"दुसरी. डोंगराचं नाही आणि दर्याचंही नाही, असं पाणी दे."

राणी विचारात पडली. नदी डोंगराची. मीठ दर्याचं. पाऊस दर्यावरून उठतो आणि डोंगरावर पडतो, म्हणजे तो दोघांचा. डोळ्यांतलं पाणी तर खारटच. तेवढ्यात खांद्याला गार लागलं. तिने पदराचं टोक पिळलं. बाळाच्या लाळेचा एक थेंब मांत्रिकाच्या बोटावर पडला.

मांत्रिक हसला. घरट्यातल्या चिमण्या दचकल्या. "हे अजून कुणाचंच नाही. खरं. तिसरी गोष्ट अवघड आहे. बाहेरून मिटलेलं आणि आतून उघडं, असं काहीतरी दे."

राणीने कनवटीची वस्तू काढली. एक शंख होता, वरून गच्च, कानाएवढा. तिने तो मांत्रिकाच्या कानाला लावला.

मांत्रिकाने शंख कानाशी घट्ट दाबला. मग म्हणाला, "कुणीतरी फार लांब श्वास घेतंय. थांबत नाही."

"ती दर्याची गाज. आम्ही लेकी सासरी निघालो की आई शंखात भरून देते. मी रोज दुपारी ऐकते."

"गाज," मांत्रिक म्हणाला. "आमच्याकडे ज्याची कीर्ती चहूकडे पोचते, त्याचं नाव गाजतं म्हणतात."

राणीने तो शब्द नुसत्या ओठांनी म्हणून पाहिला. मध्ये तोंड समुद्राएवढं उघडलं, आणि शेवटी हलकेच दार लागलं. सगळे जण तिन्ही बारशांत नावाच्या शेपटीवरून भांडत राहिले होते. पोटाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"आता ऐक," मांत्रिक म्हणाला. "हा हंडा हाताने फुटत नाही. सगळ्यांसमोर मोठ्याने हाक मार. नाव शेवटी मिटलेलं असेल तर पडसादाला ते गिळता येणार नाही. आणि आतून लांब असेल तर त्याला उत्तर दिल्यावाचून राहवणार नाही. पण तुझा आवाज मध्येच फाटला, नाव उघडं राहिलं, तर ते जाईल. मग तुझ्या मुलाला जन्मभर कुणी बोलावू शकणार नाही. तूही नाही."

"आवाज घडी घालून ठेवला आहे," राणी म्हणाली. "कसर लागली नसेल तर पुरेल."

जाताना तिने पक्ष्याला सांगितलं, "माझ्या बाबांना निरोप दे. परवा होडी नदीत आणा, वर येऊ नका. आमंत्रण नाही म्हणावं. फक्त ऐका."

बारशाचा दिवस उजाडला. पाळण्याला झेंडूच्या माळा, पाटावर घुगऱ्या, ताटात तांदूळ. बायका दाटीने बसलेल्या. मालन वन्सं पाळण्यावर वाकल्या. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, एवढीच काय ती त्या राज्यात आवाज करायची मुभा होती. बायकांनी हात उचलून तयार ठेवले होते.

वन्संचे ओठ आणि बाळाचा कान यांच्या मध्ये राणीचा तळहात आला.

"वहिनी, हे काय?" मालन म्हणाली. "पाठीवर धपाटे पडायच्या आत मला बोलू तर द्या."

राणीने बाळाला उचललं आणि ती खिडकीत जाऊन उभी राहिली. राजमातेने चुटकी वाजवली. मग पुन्हा वाजवली. राणीने वळून पाहिलं नाही. राजा अचल जागचा हलला, आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ते बघून दरबारी ज्योतिष्याच्या हातून पंचांग पडलं.

आणि राणीने आवाजाची घडी मोडली.

"गाऽऽऽज."

हाक खिडकीतून निघाली, करवंदींवरून गेली, कड्याला लागली. काही झालं नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. राणीने मुलाला छातीशी घट्ट धरलं, आणि त्याचं नाव आपल्याला अजून आठवतंय ना, हे मनात चाचपून पाहिलं. आठवत होतं.

मग डोंगराने घसा खाकरला. पिढ्यान्‌पिढ्या तो बोलला नव्हता. आणि बोलला, "गाऽऽऽज." पलीकडचा डोंगर बोलला. त्याच्या पलीकडचा बोलला. दूर गुहेत हंडा तडकल्याचा आवाज आला. खिडकीतून सोन्याच्या वेलांट्या, काने, उकार मधमाश्यांसारखे आत आले आणि आपापली माणसं शोधू लागले. आडावर एक पक्षी स्वतःला खंड्या, खंड्या म्हणत उडत सुटला. डोंगराच्या उतारावर एक म्हातारा आपलंच नाव पुटपुटत, दाढीतलं घरटं सांभाळत, खाली उतरताना दिसला.

एक काना राजमातेच्या खांद्यावर येऊन बसला. तिने तो झटकायला हात उचलला आणि हात तसाच राहिला.

"रेवा," ती म्हणाली, कुणा दुसरीचं नाव घ्यावं तसं. मग खाली बसली. "नदीकाठची होते मी. इथे सून म्हणून निघाले तेव्हा परकर नेसायच्या वयाची. आईने काठावरून अशीच हाक मारली होती. मी म्हटलं, आता विसरून जाऊ. विसरले. मग तुझी वेलांटी पुसताना बोट जराही अडखळलं नाही."

तेवढ्यात खालून, नदीवरच्या धुक्यातून, एक म्हातारा आवाज वर आला. आधी "गाऽऽऽज." आणि मग, थोडं थांबून, धीर करून, "केतकीऽऽऽ." डोंगरांनी ती ई एकमेकांच्या हाती देत देत खिडकीपर्यंत पोचवली. राणीने हात पुढे केला, दोरी धरावी तसा.

राजा अचलने ताटातले तांदूळ सारखे केले. अंगठी हातात घेतली.

राजमाता डोळे पुसून म्हणाली, "सूनबाई, नाव पुन्हा एकदा सांग. आम्हां डोंगरातल्यांचे कान बसलेत. मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का, ते कळू दे सगळ्यांना."

सगळ्या बायका वळल्या. मालन वन्सं पाळण्यावर वाकलेल्या तशाच राहिल्या. आणि राणी मोठ्याने म्हणाली, "लिहा. त्याचं नाव गाज. आणि त्याखाली माझं, केतकी. वेलांटी दुसरी."