भैरूदादाचं मागणं

डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. सकाळी त्याचं पाणी गुलाबी दिसायचं, दुपारी मोरपिशी. काठावरच्या लहानशा झोपडीत यमू, तिचा मोठा भाऊ भैरू आणि त्यांची आई राहायची. आई फुलांच्या माळा विकायची. कधी भाकरी पुरायची, कधी नाही.

भैरूला सगळं हळूहळू कळायचं. बोलणंही हळू. कुणी त्याला काही विचारलं, की यमूच पटकन सांगून टाकायची. मायेनंच सांगायची ती.

त्या राज्यात एक नियम होता. ज्याला आपलं आपल्याला सांगता येत नाही, त्यानं डोंगरापलीकडच्या मोठ्या घरात राहायचं. तिथून कुणी परत येत नसे. एक दिवस राजाचे कारभारी आले. त्यांनी भैरूला नाव विचारलं आणि सवयीनं यमूच बोलून गेली.

कारभारी आईला म्हणाले, "बाई, याला नावसुद्धा सांगता येत नाही. संध्याकाळी गाडी येईल."

यमू तळ्याकाठी जाऊन रडू लागली. तहानलेल्या मधमाश्यांसाठी ती रोज करवंटीत पाणी ठेवायची. रडता रडता तिनं आजही ठेवलं. तेवढ्यात पांढऱ्या कमळातून एक इवलीशी परी वर आली. तिचे चिमुकले पंख निळे, जांभळे, सोनेरी लखलखत होते. माझ्या मधमाश्यांना जपतेस, काय हवं ते माग, असं ती म्हणाली. यमूनं दादाला हुशार करायला सांगितलं.

परीनं मान हलवली. "दादाचं मागणं दादालाच मागू दे, बाळ. तू मध्ये एक शब्द बोललीस, तर मी गेले. आणि कमळ मिटायच्या आत हं."

यमू धावत जाऊन भैरूला घेऊन आली. तो पाण्याजवळ बसला आणि पंखांकडे बघत राहिला.

"निळं," तो म्हणाला.

परी थांबली. ऊन उतरलं. कमळाची एक पाकळी मिटली, मग दुसरी. दुरून बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला. यमूच्या ओठांवर शब्द आले होते. तिनं परकराचं टोक दातांत घट्ट धरलं.

गाडी काठाशी येऊन थांबली. कारभारी खाली उतरले. ते काही बोलणार, तोच यमूनं हात जोडले. तिचे भरलेले डोळे बघून तेही थांबले.

आता एकच पाकळी उघडी होती.

"मला इथं राहायचंय," भैरू म्हणाला. पुन्हा बराच वेळ गेला. पाकळी थरथरू लागली. "आई बाजारात जाते. मग भीती वाटते. माणूस पाहिजे. न रागावणारा."

"दिलं," परी हसून म्हणाली.

कारभाऱ्यांनी मान खाली घातली. "मी कधी थांबलोच नाही रे," ते हळूच म्हणाले.

पाकळी मिटली. सगळं तळं सोनेरी उजेडानं भरून गेलं आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. सगळ्यांनी दिपलेले डोळे उघडले, तर गाडीतून एक हसऱ्या चेहऱ्याची मावशी उतरत होती. भैरूजवळ राहायला आली होती ती. पुढं कारभाऱ्यांनी हे सगळं सांगितल्यावर राजानंही नियम बदलला. माणसाला आधी विचारायचं, थांबायचं आणि लागेल ती मदत त्याच्या घरी पाठवायची. मोठ्या घराची दारं उघडली. ज्यांना यायचं होतं, ते आपापल्या गावी आले.

पण त्या पहिल्या संध्याकाळी मावशीनं चूल पेटवली आणि भैरूला विचारलं, "काय करू रे जेवायला?"

भैरू विचार करत राहिला. आधण उकळून उकळून अर्धं झालं. कुणी घाई केली नाही.

"पिठलं," तो म्हणाला.