निघायची तयारी

"आणि घाटात बंद पडली म्हणजे?" भानुदासनं विचारलं.

"कोण?" गयाआक्का म्हणाल्या.

"गाडी, आक्का. दुसरं कोण?"

आक्का मठाच्या गुरू, भानुदास त्यांचा शिष्य. त्या अंगणातल्या दगडावर बसून राहिल्या.

उजाडता उजाडता भानुदासच्या बहिणीचा, सिंधूचा, फोन आला होता. वडिलांचं, अण्णांचं, आता काही खरं नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. शुद्धीवर येतात तेव्हा एकच विचारतात, भानू आला का? गाव दोन तासांवर. मठाची मोटारसायकल दारात उभी. माणसानं किक मारावी आणि सुटावं, नाही का? पण यानं गोणपाट अंथरलं, पाने काढले आणि गाडीपुढं मांडी ठोकली.

त्या गाडीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. मी तेव्हा मठात भाकऱ्या करायला होते. आदल्याच दिवशी त्या गाडीवरून दळण आलं होतं. पण भानुदासला तिचा भारी अभिमान. एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर, दोन-तीन पाने, एवढ्यावर तो सगळं अंगणातच करायचा. "आपली गाडी गॅरेजची पायरी चढलेली नाही," हे आल्यागेल्याला ऐकवल्याशिवाय त्याला घास जात नसे. आक्का म्हणजे त्याचा देव, पण देवालाही त्यानं ते ऐकवलेलं होतं.

चेन डिझेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासून झाली. पुसून, तेल सोडून परत चढली.

"आता?" आक्कांनी विचारलं.

"चेनला बोटभर ढील लागते. फार ताणली तर तुटते, फार सोडली तर उतरते. तेवढं बघून घेतो."

"मग निघशील?"

"मग काय, निघालोच."

निघाला नाही. मागचा ब्रेक त्याला ढिला वाटला. मग क्लचची वायर कोरडी वाटली. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून त्यानं तो नरसाळ्यासारखा वायरीच्या टोकाला बांधला आणि थेंब थेंब तेल सोडत बसला.

फोन वाजला. सिंधूच.

"दादा, कुठवर आलास?"

"निघतोय."

फोन ठेवून तो परत त्या थेंबांकडे बघू लागला.

"खाली फाट्यावर जीप मिळेल," आक्का म्हणाल्या.

"जीपवाला माणसं भरेस्तोवर हलत नाही, आक्का. गाडीवर लवकर पोचेन."

"न कर्त्याचा वार शनिवार."

भानुदासनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मला राहवेना. "अहो भानुदासदादा, जा की! बाप वाट बघतोय तिकडं!"

आक्कांनी हातानंच मला गप्प केलं. शिष्याचा पाय शिष्यानंच उचलायचा, असं त्यांचं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आता प्लग बाहेर आला. पॉलिश पेपरनं घासला. प्लगच्या फटीत तो तुटक्या करवतीचं पातं घालून बघायचा. पातं अडकत सरकलं की अंतर बरोबर. पातं छान सरकलं. त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा काढलं...

"घर सोडताना काय बोलला होतास बापाला?" आक्कांनी विचारलं.

भानुदासनं पातं बोटांत फिरवलं.

"आईच्या दहाव्याला... चार माणसांत म्हणालो, तुम्ही मारलंत तिला. दवाखान्यात न्यायला उशीर केलात."

"केला होता?"

"केला होता की! सकाळी न्यायची, ती दिवस कलल्यावर नेली."

"का म्हणे?"

"कारणांना काय तोटा, आक्का? ज्याचा पाय निघत नाही, त्याला हजार..."

वाक्य तिथंच राहिलं. पातं हातातच राहिलं.

मला वाटलं, आता उठेल. देवा, आता तरी उठव रे याला.

त्यानं प्लग बसवला. मग खाली वाकला आणि इंजिनचं तेल सोडायचा बोल्ट ढिला केला.

तेल त्यानं गेल्याच आठवड्यात बदललं होतं. डालड्याच्या डब्यात पडलं ते पिवळंधमक. चांगल्या तेलाचं करायचं काय? फडक्यानं गाळून परत त्याच इंजिनात भरलं. मी चुलीपाशी जाऊन बसले. बघवेना.

ऊन डोक्यावरून कललं तेव्हा फोन पुन्हा वाजला. भानुदासनं नाव बघितलं. उचलला नाही. तो आक्कांनी उचलला.

"हं... हं, बाई... सांगते."

त्यांनी फोन हळूच दगडावर ठेवला.

"कधी?" भानुदासनं विचारलं.

"आत्ताच."

तो उठला. गाडीवर बसला. किक मारली.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. कुठं खरखर नाही, कुठं अडखळणं नाही. भानुदास हँडलवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. सकाळपासून मला त्याचा असा संताप आला होता! तो सगळा उतरला आणि पदराला डोळे पुसायची वेळ माझ्यावरच आली.

"आता जाऊन कुणाला भेटू, आक्का?"



थोड्या वेळानं तो खाली उतरला. गाडी चालूच होती. त्यानं आपले हात बघितले. कोपरापर्यंत काळे, नखांत वंगण.

"हात धुतो," तो म्हणाला. "असे हात घेऊन त्यांच्यापुढं कसा जाऊ? चांगले चोळून धुतो, मग निघतो."

बादलीपाशी बसून त्यानं हातावर धुण्याची पावडर घेतली.

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात देत, सावकाश. बादलीपाशी आल्या आणि त्यांनी ती पालथी केली. पाणी अंगणभर गेलं.

भानुदास वर बघत राहिला...

"असाच जा," आक्का म्हणाल्या. "बापाला दिसू दे, पोरगा सकाळपासून निघतच होता."