भित्र्याचं निरूपण

“म्हणजे माणसाचा मूळ स्वभाव बदलत नाही, हे तुम्हालाही मान्य आहे?” विश्रामने विचारलं.

उद्धवबुवा मठाच्या ओसरीवर पाय धूत होते.

विश्राम सावदेकर पूर्वी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. पण वर्गासमोर उभं राहायची त्याला रोज भीती वाटायची. शेवटी नोकरी सोडून तो पूर्णेकाठच्या या मठात आला. साधनेने भीती जाईल, अशी त्याची खात्री होती.

ती गेली नाही.

आज संध्याकाळी बुवांनी त्याला पहिल्यांदा निरूपण करायला सांगितलं होतं. मठ सोडून जायच्या तयारीने त्याने दुपारीच पिशवी भरून ठेवली होती.

मग वर्गात समजावून सांगावं तसं त्याने बुवांना समजावलं. माणसं मुळातच वेगवेगळी असतात. कुणी बोलकं, कुणी अबोल. कुणाचं मन पटकन धास्तावतं, कुणाचं नाही. यातलं बरंचसं जन्मासोबत येतं. जुळ्या भावंडांवर अभ्यास झालेत. त्याची आईही अशीच होती. त्याने स्वतःच्याही चाचण्या केल्या होत्या, आणि निकाल अगदी स्पष्ट होता.

“तुम्ही जन्मतःच शांत आहात, बुवा. तुमचा मार्ग तुमच्यासारख्यांसाठी आहे. माझ्यासारख्याला त्याचा उपयोग नाही.”

बुवांनी पंच्याने पाय पुसले. मग विश्रामचा हात धरला आणि उपरण्याखाली, आपल्या छातीवर ठेवला.

विश्राम दचकला. आत धाडधाड चाललं होतं. बुवांना काही होतंय असं वाटून तो डॉक्टरांना बोलावायला उठू लागला. बुवांनी हात सोडला नाही.

“बस. हे रोजचं आहे.”

“रोजचं?”

“लोक जमायला लागले की सुरू होतं.”

“कधीपासून?”

बुवा आठवत राहिले... “शाळेत कविता म्हणायला उभं केलं होतं. तेव्हापासून.”

सभामंडपात सतरंज्या अंथरल्याचा आवाज येत होता. विश्रामने कितीतरी संध्याकाळी तिथे बसून बुवांना ऐकलं होतं. त्यांचा आवाज कधी कापला नव्हता. निदान त्याला तरी तसं जाणवलं नव्हतं.

“मग... इतक्या वर्षांच्या साधनेनं झालं काय?”

“तरीही मी लोकांसमोर जातो,” बुवा म्हणाले.

विश्रामला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. आपण बिघडलेलो आहोत, असं त्याला आजवर वाटत आलं होतं. खूप दिवसांनी त्याने पोटभर श्वास घेतला. हात मात्र अजून गारच होते.

आतून कुणीतरी हाक मारली. लोक जमले होते.

“मी मध्येच अडखळलो तर?” त्याने हळूच विचारलं.

बुवा त्याच्या खांद्याचा आधार घेत उठले.

“तू बोल. भिण्याचं काम आज मी करतो... दोघांचंही.”