तीन तोंडांचं शिंग

रानात अजून वाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हा साळिंदरकाका रोज संध्याकाळी गोष्टीचा खेळ मांडत. ते गोष्ट सांगत आणि मुंगूस, ससा, खार त्यातले वीर होऊन राक्षसांशी लढत.

एकदा मुंगसाने फारच हट्ट धरला, म्हणून काकांनी खेळात त्याला कधीही न हरणारी जादूची तलवार दिली. मग प्रत्येक राक्षस मुंगूसच मारू लागला. ससा कंटाळून यायचा बंद झाला. एके दिवशी खारही उठून निघाली, तेव्हा मुंगूस रडवेला झाला.

“काका, आता जिंकूनही मजा येत नाही हो!”

काका जरा विचारात पडले. मग गोष्ट पुढे नेत म्हणाले, “खारूताई, थांब. गुहेत तुला तीन तोंडांचं शिंग सापडलंय.”

खार वळली. “फुंकलं की काय होतं?”

“ते तिघांनी एकदम फुंकल्याशिवाय कसं कळणार?”

“मी सशाला घेऊन येतो!” म्हणत मुंगूस धावत सुटला.