प्रोजेक्टर आणि निरांजन

घरातल्या भिंतींवर सिनेमा नुकता उतरू लागला होता, तेव्हाची गोष्ट. वत्सलाकाकूंकडे एलईडी प्रोजेक्टर आला. "मी तापत नाही, माझा दिवा वर्षानुवर्षं टिकतो," असं तो देव्हाऱ्यातल्या निरांजनाला ऐकवायचा.

रविवारी भर दुपारी काकूंनी तो लावला. भिंतीवर नुसत्या पुसट सावल्या!

"कसलं हे फिकट भूत! उद्याच परत करते," म्हणत काकू तो बंद न करताच उठल्या. प्रोजेक्टरचं तोंड उतरलं.

"अरे, दुपारी मी तरी कुठे दिसतं?" निरांजन म्हणालं. "जरा दम धर."

तिन्हीसांजेला घरात अंधार ठेवायचा नाही, हा काकूंचा नियम. निरांजन लावून त्या ट्यूबलाइटकडे वळल्या, तर अख्खी भिंत रंगांनी भरलेली.

"अगंबाई!" बटणाकडे गेलेला काकूंचा हात मागे आला.

निरांजनानेही आपली ज्योत जराशी बारीक केली.